मौजे वळसंग येथील शेवाळी अंड्याची मोहीम

श्री सिद्धेश्वर प्रसन्न.

थोरामोठ्यांची आज्ञा जाहली की, मौजे वळसंग, तालुका दक्षिण सोलापूर, येथे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख मासी, एका कोंबडीच्या अंड्यावरून जो कलह माजला आणि त्यापायी निम्मा गाव दोन दिवस एका परसात बसून राहिला, त्याविषयी मुलखात नाना वार्ता उठल्या आहेत. कोणी म्हणतो अंडे रंगविलेले होते, कोणी म्हणतो कोंबडीस हिरवा खुराक घातला होता, कोणी तो मोबाइलातील चित्रांचा खेळ म्हणोन हसण्यावारी नेतो. तरी आद्यंत खरे वर्तमान लिहून काढावे. आज्ञा शिरी धरोन, जे डोळ्यांनी पाहिले ते पाहिल्याप्रमाणे आणि जे ऐकिले ते दोघा-तिघांस पुसोन येथे लिहिले आहे. ऐकणारांनी सावध चित्ते ऐकावे.

वळसंगी धनाजी मास्तर म्हणोन एक पुरुष, वय साठीस टेकलेले. मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत. सोलापूर शहरी चादरी आणि टॉवेल विणण्याच्या एका कारखान्यात ते रंगखात्याचे मास्तर होते, आणि एकतीस वर्षे सुताच्या लडी कढत रंगात बुडवून काढण्याचा अधिकार त्यांजकडे होता. त्यांचे हातचा रंग धुण्यात उतरला म्हणोन एक गठ्ठाही कधी माघारी आला नाही, हा त्यांचा लौकिक. आणि तो लौकिक ते स्वतःच सर्वांस सांगत, हा त्यांचा दोष. पुढे कारखान्याच्या धन्यांच्या मर्जीस आले की रंगविलेले सूत बाहेरूनच आणवावे, आणि रंगखात्यास कुलूप पडले, आणि मास्तर एक शाल, एक नारळ आणि नखांच्या कडेस कायमची बसलेली निळाई घेऊन गावी दाखल जाहले.

मग करावे काय? प्रथम घराच्या फाटकास रंग दिला, मग पाण्याच्या टाकीस दिला, मग शेजारीण चंद्रव्वा माहेरी अक्कलकोटाकडे गेल्या असता त्यांच्याही दारास दिला, आणि त्या परत येऊन स्वतःचे घर न ओळखता पुढच्या गल्लीपर्यंत चालत गेल्या, तेव्हा रंगाचा डबा मास्तरांच्या हातून काढून घेण्यात आला. त्याउपरी मास्तर ओट्यावर बसून राहिले. कोणी बोलल्यास बोलत, न बोलल्यास भिंतीकडे पाहत, आणि कालवणात मीठ कमी पडले तरी मागेनासे जाहले. हे त्यांच्या कुटुंबास, चांगुणाबाईसाहेबांस, फार लागले. परंतु बाईसाहेबांचा स्वभाव ऐसा की काळजी वाटली म्हणजे त्या अधिक रागे भरत. त्यामुळे घरात त्या दिवसांत भांड्यांचा आवाज बहुत होत असे.

आता बाईसाहेबांच्या दौलतीचे वर्णन. घरामागे बाभळीच्या काट्यांची तटबंदी केलेले परसू, त्यात पत्र्याचे एक खुराडे, एकोणीस गावरान कोंबड्या, आणि सर्वांचा धनी एक जुना कोंबडा, तुरा उभा आणि नजर वाकडी, त्यास तुर्रेवाले म्हणत. बाईसाहेबांनी हे राज्य मास्तर शहरी असताना एकटीने उभारिले होते, आणि कोणती कोंबडी कोणत्या दिवशी कोणत्या कोपऱ्यात अंडे घालील हे त्यांस तोंडपाठ होते. या सर्वांत एक तांबडी नामे कोंबडी मूळची सरकारी उबवणी केंद्रातून आलेली. तिचे अंडे मोठे, आणि रंगाने भाजल्या विटेसारखे गडद तपकिरी. तांबडीवर बाईसाहेबांची खास मर्जी.

ऐसे असता, आदल्या सालच्या भाद्रपद मासी, मास्तरांच्या मोबाइलात एक चित्र आले. मोडनिंब मुक्कामी दिपक नामे एक डाळिंबवाले गृहस्थ, त्यांस परदेशी कुळीच्या कोंबड्या पाळण्याचा छंद. आणि त्यांच्या हातावर एक अंडे, ते आसमानी निळे. मास्तर ते चित्र अर्धा प्रहर पाहत बसले. मग उठून परसात गेले, तांबडीचे अंडे उचलिले, चित्राशेजारी धरिले, आणि एकतीस वर्षांची विद्या त्यांच्या अंगात एकाएकी जागी जाहली. कारखान्यात शेवाळी रंग हाच सर्वांत अवघड. तो एका बुडीत येत नसे. प्रथम सूत निळ्यात बुडवावे आणि मग त्यावर तपकिरीचा हलका हात द्यावा, तेव्हा तो उमटे. मग निळ्या अंड्याच्या कुळीचा कोंबडा आणि तपकिरी अंड्याची तांबडी यांचा संबंध जुळविला, तर पोटी जी कोंबडी निपजेल तिचे अंडे शेवाळी का न व्हावे? मास्तरांनी दिपकरावांशी फोनावर बोलणे केले. तिकडून उत्तर आले की बेत खरा आहे, अनेकांनी केला आहे, आपणही करावा, कोंबडा देतो.

हा मनसुबा बाईसाहेबांच्या कानी घालताच त्यांनी तो साफ नामंजूर केला. परका कोंबडा परसात येणे नाही, तांबडीस कोणी हात लावणे नाही, आणि ज्यास शेजारणीचे दार सुचले त्यास उद्या काय सुचेल याचा भरवसा नाही, ऐसे त्यांचे म्हणणे पडले. मास्तर काही बोलू लागले तोच त्या म्हणाल्या, "कारखान्यात तुमची सत्ता हुती. हितं माजी हाय."

मास्तर खाली मान घालोन ओट्याकडे निघाले. परंतु जाता जाता त्यांनी भाकरीसोबत थोडे तिखट मीठ मागितले. दोन महिन्यांत त्यांनी आपण होऊन काही मागितले ते हे पहिलेच. बाईसाहेबांनी ते वाढिले, आणि मग चुलीपुढे बराच वेळ बसून विचार केला, आणि सायंकाळी आपण होऊन तहाची कलमे सांगितली: की कोंबडा एकच यावा, तांबडीखेरीज दुसऱ्या कोंबडीकडे त्याने पाहू नये, त्याची घाण मास्तरांनी स्वहस्ते काढावी, आणि पिले निपजल्यावर ती कोणाची हा प्रश्न उपस्थित करू नये, कारण ती बाईसाहेबांची. मास्तरांनी सर्व कलमे कबूल केली.

मग आश्विनात मास्तरांची स्वारी वेताची पाटी आणि जुनी चादर घेऊन एसटीने सोलापुरास आणि तेथून मोडनिंबास रवाना जाहली. दिपकरावांनी चहापाणी करोन बाग दाखविली आणि कोंबडा हवाली केला. त्याचे रूप वर्णावे तर, अंग राखी, गालांवर दोहों बाजूंनी पिसांचे कल्ले, हनुवटीखाली दाढी, आणि तुरा म्हणावा तर नाहीच, डोक्यावर वाटाण्याच्या तीन ओळी चिकटाव्या तसा बसका. पुढे गावाने त्यास मिशाळराव हे नाव दिले. दिपकरावांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या. एक, की जुन्या कोंबड्याचा अंश कोंबडीच्या पोटी दोन-तीन आठवडे राहतो, म्हणोन तितके दिवस तांबडीवर तुर्रेवाल्याची सावली पडू न द्यावी. दुसरी, की पिलांत ज्यांचा तुरा बापासारखा बसका त्यांच्यावर भरवसा ठेवावा, उभ्या तुऱ्याच्या पिलांकडून आशा थोडी. मास्तरांनी दोन्ही गोष्टी बसच्या तिकिटामागे लिहून घेतल्या. परतताना मिशाळरावांनी सोलापूरच्या स्थानकात पाटीतून ऐसी बांग दिली की अक्कलकोटचे अवघे उतारू वळून पाहू लागले, आणि वाहकाने हा सामानात धरावा की माणसांत याचा विचार करोन अखेर त्याकडे काणाडोळा केला.

परसात पाऊल पडताच तुर्रेवाल्यांनी चाल केली. झुंज फार तर दोन पळे चालली आणि मिशाळराव, इतके कल्ले राखूनही, उडून पाण्याच्या टाकीवर जाऊन बसले आणि दुपारपर्यंत उतरले नाहीत. बाईसाहेब हसल्या. मास्तरांनी मात्र परसाचे जाळीने दोन भाग केले, तांबडीस एकवीस दिवस एकांतात ठेविले, मग मिशाळरावांची आणि तिची गाठ घालून दिली; आणि त्यापुढील अंडी एक एक करोन जमविली, आणि प्रत्येकावर पेन्सिलीने तारीख घातली. तांबडी अंडी घाली पण बसेना, म्हणोन भुरी नामे एक वयस्क कोंबडी खुडूक होऊन बसली होती तिच्या पोटाखाली अकरा अंडी ठेविली. भुरीने एकवीस दिवस जागा सोडिली नाही. कार्तिक सरता नऊ पिले बाहेर आली.

येथवर यश आले. पुढे नुकसानीस प्रारंभ जाहला. मार्गशीर्षात भरदुपारी मुंगसाने काट्यांखालून भुयार करोन एकाच चालीत दोन पिले नेली. मास्तरांनी भुयार दगडांनी बुजविले आणि आठ दिवस काठी घेऊन दुपारची झोप सोडिली. पुढे पौषात शेजारच्या वाड्यावस्त्यांवर मानमोडीची साथ आली, आणि कोंबड्या माना मुरगाळून पडू लागल्या. चांगुणाबाईसाहेबांनी जनावरांच्या डॉक्टरांस बोलावून एकेका पिलाच्या डोळ्यात लशीचा थेंब घालविला, आणि पिले मास्तरांनी धरली, आणि थेंब पडताना प्रत्येक वेळी मास्तरांनीच डोळे मिटले. तरीही दोन पिले हातची गेली. राहिली पाच. थंडी सरता त्यांतील तिघांनी घसा खाकरून बांग दिली, म्हणजे ते कोंबडे निघाले, त्यांचा अंड्याच्या कामी उपयोग नाही. उरल्या दोन तलंगा, म्हणजे अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या. त्यांतील एकीचा तुरा उभा, आणि दुसरीचा बसका, वाटाण्याच्या तीन ओळींचा. अकरा अंड्यांच्या फौजेतून येणेप्रमाणे एकच भरवशाची असामी हाती राहिली. तिचे नाव चपटी.

मग चैत्र आणि वैशाख. वळसंगचा उन्हाळा कोणास सांगावा? पत्रे तापून तडतडू लागले, कोंबड्या चोची वासून पंख पसरून सावलीत पडू लागल्या, आणि जुन्याजाणत्याही अंडी घालीनाशा जाहल्या. तेव्हा बाईसाहेबांनी स्वतःच्या न्हाणीच्या पाण्यात कपात करोन गोणपाटे भिजवली आणि चपटीच्या खुराड्याभोवती टांगली. मास्तरांनी हे पाहिले. त्यांनी काही विचारले असते तर बाईसाहेबांनी कोंबड्या माझ्या आहेत ऐसे उत्तर तयार ठेविले होते. परंतु त्यांनी विचारले नाही, दुसरे गोणपाट भिजवून आणिले.

वैशाख शुद्ध पक्षी एके सकाळी सातांच्या सुमारास चपटी ओरडत बाहेर आली. बाईसाहेब आत वाकल्या. बराच वेळ त्या वाकलेल्याच राहिल्या, म्हणोन मास्तर घाबरून धावले. भुस्कटात एक लहानसे अंडे, नव्या कोंबडीचे असते तसे, आणि रंग विहिरीच्या आतल्या पायरीवरील शेवाळासारखा, मुळीच चूक नाही. मास्तरांनी ते उचलिले नाही. ते तिथेच जमिनीवर बसले आणि म्हणाले, "हाच तो. हाच रंग, चांगुणा." बाईसाहेबांनी पदराने त्यांच्या कपाळीचा घाम पुसला, आणि चहा ठेवावयास गेल्या.

तेथे थांबते तर ही बखर लिहावी न लागती. परंतु दहा दिवसांत सात शेवाळी अंडी जमल्यावर, मास्तर त्यांतील एक रुमालात गुंडाळून स्टॅंडावरील चहाच्या हॉटेलात दाखविण्यास घेऊन गेले. तेथे आबासाहेब बसले होते. हे आबासाहेब म्हणजे हमरस्त्याकडील मोठ्या पोल्ट्रीचे धनी, चार हजार पांढऱ्या कोंबड्यांचे मालक, आणि अंड्याच्या बाबतीत पंचक्रोशीत त्यांचाच शब्द अखेरचा. त्यांनी अंडे हातात घेतले, उजेडात धरिले, फिरवून पाहिले, आणि शांतपणे परत देऊन म्हणाले, "रंग पक्का बसलाय की, मास्तर. हात न्हाय इसरला तुमचा."

हॉटेलात हशा पिकला. मास्तरांस प्रथम समजलेच नाही. मग समजले आणि त्यांनी शपथपूर्वक सांगितले की हा कोंबडीने घातलेला रंग आहे. परंतु जो जो सांगावे तो तो त्यांच्या नखांकडे लोक पाहू लागले. दुपारपर्यंत ही तोहमत सर्वांच्या मोबाइलावर पोचली. चंद्रव्वांच्या दाराची जुनी कथा पुन्हा निघाली. विशेष वाईट ते हे, की लोकांस राग नव्हता. धनाजी मास्तर रिकामे बसले, त्यांनी अंडी रंगविली, त्यात नवल काय, ऐसे म्हणोन लोक मायेने हसत. मास्तरांनी जन्मभर रंगाचे काम केले परंतु खोट्याचे काम केले नव्हते, आणि दोहोंत भेद आहे हे एकासही सांगता येईना. ते घरी आले, रुमाल खुंटीस टांगिला, आणि पुनश्च ओट्यावर भिंतीकडे तोंड करोन बसले.

दोन दिवस बाईसाहेबांनी पाहिले. तिसऱ्या दिवशी त्या स्वतः निघाल्या. जन्मात त्या हॉटेलाची पायरी चढल्या नव्हत्या, आताही न चढता रस्त्यावरच उभ्या राहून त्यांनी आबासाहेबांस सर्वांदेखत बजाविले, "उद्या सकाळी माज्या परसात या. कोंबडी तुमच्यापुढं अंडं घालंल. मग काय बोलायचं ते तितं बोला." आबासाहेबांनी आमंत्रण कबूल केले.

पहिल्या दिवशी सकाळी सहालाच परसू भरून गेले. खुर्च्या आल्या, शेजारून घोंगडी आली, कोणी चिवडा आणिला. आबासाहेबांनी चपटीस उचलून पाहिले, तिची अंडे घालण्याची भुस्कटाची पाटी पाहिली, भोवती फिरून पाहिले आणि पाटीपुढे खुर्ची टाकून बैठक मारिली. चपटी पाटीत जाऊन बसली. चपटीने एक वेळ सर्वांकडे पाहिले, आणि तासभर बसोन, उठोन, ज्वारीचे चार दाणे टिपोन झाडाखाली निघून गेली. मागून कोणी म्हणाले की आज रंग वाळला नसेल. दहा वाजता ऊन चढले आणि फौज पांगली. मास्तर आदल्या दिवसापेक्षा लहान दिसू लागले. त्यांनी बाईसाहेबांस हात जोडोन म्हटले की पुरे करावे, लोक उद्या विसरतील, कोंबडी खाऊन टाकावी; परंतु बाईसाहेबांनी त्यांस जेवून घेण्याचा हुकूम केला.

दुसऱ्या दिवशी चंद्रव्वांनी बंदोबस्त हाती घेतला. वय ऐंशीच्या घरात, आवाज खणखणीत. त्यांनी जाळीच्या दारात पाट टाकून बैठक केली, खुर्च्या भिंतीपर्यंत मागे सरकविल्या, चिवडा बंद केला, आणि जो कोणी खोकला त्यास कानडीत "सुम्म कुंदर्री" म्हणजे गप बसा ऐसे फर्माविले. आबासाहेब तेवढे पाटीजवळ, तेही तोंड फिरवून, खांद्यावरून पाहत. ऐशा शांततेत अर्धा तास लोटला. मग चपटी किंचित उठली, पाठ वाकविली, पिसे फुलविली, आणि सर्वांसमक्ष, कोणताही आडपडदा न ठेविता, अंडे घातले. अंडे ओले होते आणि शेवाळी होते.

लोकांत एकच गलका उठला. परंतु आबासाहेबांनी हात वर करोन सर्वांस थांबविले. त्यांनी वाकोन ते ऊन ऊन अंडे उचलिले आणि आपल्या अंगठ्याने जोराने घासिले. अंगठा वर केला तो अंगठ्यास तपकिरी डाग, आणि अंड्यावर घासल्या जागी रंग फिका पडलेला. त्यांनी अंगठा सर्वांस दाखविला. मग म्हणाले, "मास्तर, भुस्कटात भुकटी कालवली व्हय? वल्ल्या अंड्याला आपसूक लागती."

मास्तरांनी त्या अंगठ्याकडे पाहिले. आपण काही केले नाही हे त्यांस ठाऊक होते. तरी एकतीस वर्षांत जे एकदाही घडले नाही ते समोर घडले होते, हात लावताच रंग उतरला होता. ते टाकीच्या कठड्यास टेकोन खाली बसले, आणि गावाने त्याचा अर्थ कबुली ऐसा घेतला.

तेसमयी चांगुणाबाईसाहेब पुढे जाहल्या, आबासाहेबांच्या हातून अंडे काढून घेतले, आणि कोणी काही म्हणण्याच्या आत पितळेच्या वाटीच्या काठावर आपटोन फोडिले. मास्तर ओरडले, कारण एकेक अंडे ते उबवण्यास जपत होते. बाईसाहेबांनी बलक वाटीत सोडिला, टरफलाचा अर्धा भाग घेतला, नखाने आतला पांढरा पापुद्रा सोलून काढिला, आणि ते टरफल आबासाहेबांच्या डोळ्यांपुढे उपडे धरिले. आतून ते निळे होते. आसमानी निळे, स्वच्छ, काठोकाठ.

बाईसाहेब म्हणाल्या, "भाईरनं रंग लावता यील, आबासाहेब. आतनं कोनी लावला, सांगा."

बाईसाहेबांस हे कसे कळले, याचाही खुलासा येथे लिहिणे प्राप्त आहे. चार दिवसांपूर्वी परसातून येताना एक अंडे त्यांच्या हातून फुटले होते. मास्तरांस कळल्यास ते दिवसभर जेवणार नाहीत म्हणोन बाईसाहेबांनी ते गुपचूप तळून भाकरीसोबत खाल्ले, आणि टरफले उकिरड्यात पुरताना आतली निळाई त्यांच्या दृष्टीस पडली. ही गोष्ट त्यांनी तोवर कोणासही सांगितली नव्हती.

आबासाहेबांनी टरफल घेतले. आतून घासिले, ओल्या बोटाने घासिले, धोतराच्या सोग्याने घासिले. निळाई जागची हलेना. बाहेरून घासिले तो तपकिरी आणखी निघाली आणि तिच्या खालून तीच निळाई वर आली. ते मोठ्या कसबाचे पोल्ट्रीवाले, मूर्ख नव्हेत; चार हजार कोंबड्या पाळूनही अंड्याचा रंग आपण कधी आतून पाहिला नाही हे त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी टरफल मास्तरांपाशी नेले, त्यांच्यासमोर उकिडवे बसले, आणि सर्वांस ऐकू जाईल ऐशा आवाजात म्हणाले, "माजं चुकलं, मास्तर. पन हे हाय काय, ते तरी सांगा."

मास्तरांनी टरफल हातात घेतले. बराच वेळ आत-बाहेर पाहिले. मग त्यांच्या तोंडावर जे उमटले त्यास हसू म्हणावे की रडू, याविषयी पाहणारांत आजही दोन तट आहेत. ते म्हणाले, "खाली निळं. वरनं तपकिरीचा हलका हात. वल्लं हाय तवर वरचा हात उतरतो, वाळल्यावर न्हाय उतरत." आणि मग चपटीकडे बोट करोन हळूच म्हणाले, "ही आमच्याच रीतीनं रंगवती की ओ."

त्यानंतर मास्तर जे बोलू लागले ते थांबेनात. कढत रंग कसा ढवळावा, लड किती वेळा बुडवावी, सूत वाळल्यावर रंग कसा एक पायरी खाली येतो, हे सर्व त्यांनी परसातील चाळीसएक माणसांस सांगितले, आणि ऊन चढले तरी माणसे ऐकत राहिली, कारण एकतीस वर्षांत त्यांस हे कोणी विचारलेच नव्हते. आबासाहेबांनी आपल्या अंगठ्याचा डाग दोन वेळ सर्वांस दाखविला, आता पुरावा म्हणोन.

वाटीतील अंड्याचे काय करावे हा प्रश्न उरला. बाईसाहेबांनी त्यात कांदा, हिरवी मिरची आणि मीठ घालोन तव्यावर पोळी केली, आणि तिचे चार भाग करोन पहिला आबासाहेबांस, दुसरा चंद्रव्वांस, तिसरा मास्तरांस दिला. मास्तरांनी घास हातात धरोन विचारले की चव कशी असेल, तो चौथ्या भागास हात न लाविताच बाईसाहेब म्हणाल्या, "अंड्यागतच लागतंय." मास्तरांनी घास खाली ठेवून त्यांच्याकडे पाहिले. बाईसाहेब एकाएकी तवा घासावयास लागल्या. मास्तरांनी तो घास खाल्ला, आणि मीठ कमी आहे ऐसे सांगितले.

येणेप्रमाणे मौजे वळसंग येथे, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, वैशाख वद्य पक्षी, ऊन चढण्यापूर्वी, शेवाळी अंड्याच्या मोहिमेत धनाजी मास्तर आणि चांगुणाबाईसाहेब यांची फत्ते जाहली. फत्तेची वार्ता आबासाहेबांनी स्वमुखे हॉटेलात सांगितली, परंतु तोवर तेथील बोलणे नव्या बसथांब्याकडे वळले होते, आणि पुरते कोणी ऐकिले नाही. मास्तरांनी ती दोन अर्धी टरफले सदऱ्याच्या खिशात ठेविली. सायंकाळी खुराडे लावण्यास वाकले तेव्हा ती चुरडली. आणि त्यांनी तो सदरा चार दिवस धुण्यास टाकू दिला नाही.

घडले तैसे लिहिले. रंग कोठे अधिक केला नाही, उणा केला नाही. हाच लेखाचा शेवट, यावर ठसा असे.